नाव खरवडलेली बाहुली

"काय गं, रात्री दोनपर्यंत दिवा जळत होता तुझा. भांडणबिंडण झालं काय?"

आमच्या आणि काकूंच्या अंगणांमध्ये छातीएवढी भिंत आहे. बांधताना काकांना ती सहा फुटांची हवी होती म्हणे, काकूंनीच गवंड्याला मध्येच थांबवलं. विरजणाची वाटी देता आली पाहिजे आणि समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे, हे त्यांचं भिंतीच्या उंचीचं माप. कोल्हापुरात आमच्या बोळातल्या निम्म्या बातम्या या भिंतीवरून ये-जा करतात. उरलेल्या निम्म्या काकूंना आधीच ठाऊक असतात.

"भांडण नाही हो काकू. एका जपानी बाईच्या मागे लागले होते."

"आपल्या गल्लीत जपानी बाई?" काकूंनी विरजणाची रिकामी वाटी भिंतीवर ठेवली. म्हणजे बसकण पक्की झाली.

"गल्लीत नाही, पडद्यावर. मियोशी उमेकी. 'सायोनारा' म्हणून सिनेमा आहे..."

"म्हणजे आशा पारेखचा? 'लव्ह इन टोकियो'?" काकू गुणगुणायलाच लागल्या.

"तो १९६६ चा. मी म्हणते तो त्याच्या नऊ वर्षं आधीचा, अमेरिकन. मार्लन ब्रँडो होता त्यात. या बाईला त्यासाठी ऑस्कर मिळालं. अभिनयाचं ऑस्कर मिळालेली आशियातली पहिली बाई. आणि काकू, तिनं पुढं काय केलं असेल त्या ऑस्करचं? वरचं नाव खरवडून काढलं आणि दिलं कचऱ्यात टाकून."

काकूंनी हातातली पळी खाली ठेवली. "आता गं बया! वेड लागलं होतं काय तिला? पहिल्यापासनं सांग."

पहिल्यापासून म्हणजे जपानच्या उत्तरेच्या टोकापासून. होक्काइदो बेटावर ओतारू नावाचं बंदर आहे, हिवाळ्यात बर्फात बुडणारं. तिथं ८ मे १९२९ ला ही जन्मली. नऊ भावंडांत शेंडेफळ. वडिलांचा लोखंडाचा कारखाना, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. महायुद्ध संपलं तेव्हा पोरगी सोळा वर्षांची. देश हरलेला आणि गल्लोगल्ली अमेरिकन सैनिक. त्या सैनिकांबरोबर त्यांची गाणी आली, जॅझ आलं, आणि या पोरीला त्याच गाण्यांचं वेड लागलं. अमेरिकन लष्कराच्या बँडबरोबर ती गायला लागली. नावसुद्धा बदललं, 'नॅन्सी उमेकी'.

"जिंकून आलेल्यांचीच गाणी?" काकूंचं नाक मुरडलं. "घरचे काय म्हणाले असतील?"

"काय म्हणायचं ते म्हणाले असतील. पोरगी थांबली नाही एवढं खरं. १९५० ते ५४ जपानमध्ये आरसीए व्हिक्टरनं तिच्या तबकड्या काढल्या. मग १९५५ ला ती सरळ अमेरिकेतच गेली."

"एकटी?"

काकूंचा हा प्रश्न कुठल्याही बाईच्या कुठल्याही गोष्टीत येतो. मी मुंबईला जाऊन आले तरी येतो.

तिथं तेव्हा आर्थर गॉडफ्री नावाच्या गृहस्थांचा टीव्हीवर मोठा दबदबा होता. त्यांच्या कार्यक्रमात ही किमोनो घालून गायला लागली. आपल्याकडं तेव्हा दूरदर्शनचा पत्ता नव्हता, रेडिओसुद्धा एखाद्याच घरात. तिथं मात्र घराघरांत ही बाई दिसायला लागली. मर्क्युरी कंपनीनं तिच्या तबकड्या काढल्या. तेव्हा जोशुआ लोगन नावाचे दिग्दर्शक 'सायोनारा'साठी माणसं गोळा करत होते. त्यांच्या डोळ्यांत ही भरली. गाणारी मुलगी, अमेरिकेतल्या सिनेमाचा काडीचा अनुभव नाही, आणि तिथला पहिलाच सिनेमा ब्रँडोबरोबर.

"कथा काय?"

"कोरियाचं युद्ध चालू आहे. जपानमध्ये असलेले अमेरिकन सैनिक जपानी मुलींच्या प्रेमात पडतात, आणि लष्कराला ते खपत नाही. जो केली नावाचा एक साधा सैनिक वरिष्ठांची नाराजी पत्करून कात्सुमी नावाच्या मुलीशी लग्न करतो. ही कात्सुमी म्हणजे मियोशी. घरात वाकून चालते, नवऱ्याची पाठ चोळते, हळू बोलते. नवऱ्याला परत अमेरिकेला पाठवायचा हुकूम निघतो, बायकोला न्यायची परवानगी नाही. आपण अमेरिकन बायकांसारखं दिसलो तर बरं होईल म्हणून ती वेडी डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायला निघते. नवरा ओरडतो तिच्यावर. आणि शेवटी दोघं मिळून जीव देतात."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या धाकट्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा या भिंतीवरून महिनाभर एकही वाटी इकडं आली नव्हती. ते मला आठवलं, त्यांनाही आठवलं असावं. मी विषय पुढं ढकलला.

"ब्रँडोचा भाग मोठा आणि हिचा छोटा. पण बघून झाल्यावर लक्षात राहतात ती दोघंच, ही आणि तिचा नवरा झालेला रेड बटन्स. तो मूळचा विनोदी नट. त्या वर्षी दोघांनाही ऑस्कर मिळालं."

तो दिवस होता २६ मार्च १९५८ चा. या समारंभात आपल्या कामाच्या दोन गोष्टी होत्या, आणि त्या काकूंना सांगितल्याशिवाय मला राहवेना. एक म्हणजे आपला 'मदर इंडिया' त्याच वर्षी परभाषेतल्या चित्रपटांच्या यादीत होता. बक्षीस गेलं इटलीच्या फेलिनींकडं. दुसरी म्हणजे 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मधला जपानी अधिकारी सेस्यु हायाकावा. तोही जपानात जन्मलेला, मूकपटांच्या काळात हॉलिवूडचा मोठा हिरो होऊन गेलेला. त्या रात्री तो सहायक अभिनेत्याच्या यादीत होता, पण हरला, आणि कुणाकडून तर या रेड बटन्सकडूनच.

"आणि हिनं काय घातलं होतं?"

"किमोनो."

"शाबास." काकूंचा हिच्याबद्दलचा पहिला बरा शब्द.

व्यासपीठावर गेली तेव्हा हिच्याकडं भाषण तयार नव्हतं. कुणी मदत करेल तर बरं, मला हे अपेक्षित नव्हतं, डोक्यात काही नाही, अशा अर्थाचं दोन-तीन वाक्यांत बोलली, आभार मानले आणि खाली उतरली. वय वर्षं अठ्ठावीस.

"मग पुढं रांग लागली असेल निर्मात्यांची."

इथंच तर गंमत आहे. रांग लागली, पण सगळ्यांच्या हातात एकच साचा. आधी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'फ्लॉवर ड्रम साँग' हे संगीत नाटक आलं, १ डिसेंबर १९५८ ला. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन म्हणजे तिकडच्या संगीत नाटकातलं सगळ्यांत मोठं नाव. दिग्दर्शक जीन केली, तोच पावसात नाचणारा. नाटकात ही मेइ ली नावाची मुलगी झाली. चीनमधून बापाबरोबर सॅन फ्रान्सिस्कोत येते, स्थळ आधीच ठरलेलं, आणि नवऱ्या मुलाचं मन भलतीकडंच.

"हे मात्र आपल्यासारखंच की," काकू खुलल्या. "पण जपानी बाई चिनी कशी झाली?"

"अमेरिकेला तो फरक कुठं कळत होता? 'सायोनारा'त तर काबुकीच्या जपानी नटाचं काम रिकार्डो मोंटालबान नावाच्या मेक्सिकन माणसानं केलंय."

"म्हणजे मला केरळची बाई केल्यासारखं."

"तसंच. पण नाटक चाललं, सहाशे प्रयोग झाले. तिला टोनी पुरस्काराचं नामांकन मिळालं. नाटक आलं त्याच महिन्यात 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ती आणि पॅट सुझुकी अशा दोघी झळकल्या. मग १९६१ ला त्याच नाटकाचा सिनेमा आला, त्यातही हीच."

या जागी आमच्या कुकरनं शिट्टी दिली. काकूंनी मला हातानंच 'जा, पण लगेच ये' अशी खूण केली. परत आले तर त्यांनी तेवढ्यात ओट्यावरून शेंगांची परात आणून भिंतीवर ठेवली होती. सोलत ऐकायला त्यांना बरं पडतं.

ऑस्करनंतर या बाईला किती सिनेमे मिळाले? चार. १९६१ आणि ६२ या दोन वर्षांत सगळे आटोपले. नंतर एकही नाही. 'रॉहाइड' नावाची गुराख्यांची मालिका होती, क्लिंट ईस्टवूड होता तिच्यात. तिच्यात एका भागात ही आली, तर तिथंही गेइशा! घोडे, गुरं, धूळ, आणि मध्ये किमोनोतली गेइशा. लेखकाला दुसरं काही सुचलं नसेल, असं मी म्हणणार नाही. सुचवून घ्यावं असं त्याला वाटलं नाही.

"मग पोट कशावर?"

"टीव्ही. १९६९ ला 'द कोर्टशिप ऑफ एडीज फादर' सुरू झाली. तीच मी काल रात्री बघत होते. बायको वारलेला बाप, लहान मुलगा एडी, आणि घर सांभाळणारी बाई, मिसेस लिव्हिंग्स्टन. ती ही."

शेंग सोलता सोलता काकूंचा हात थांबला. "ऑस्कर मिळालेली बाई मोलकरीण?"

"घर सांभाळणारी."

"नाव कायबी दे. भांडी घासतीच ना?"

भांडी घासायचीच, आणि इंग्रजीही मोडकं बोलायचं. वर्षानुवर्षं अमेरिकेत राहिलेली, अमेरिकन गाणी त्यांच्याच ढंगात म्हणणारी बाई, आणि पडद्यावर मुद्दाम अडखळायचं. एक गोष्ट मात्र मला फार आवडली. घरमालकाला ती नावानं हाक मारत नाही. 'मिस्टर एडीज फादर' म्हणते. तिकडचे प्रेक्षक यावर हसायचे म्हणे.

"यात हसायसारखं काय?" काकू म्हणाल्या. "मी ह्यांना चाळीस वर्षं 'पम्याचे बाबा' म्हणत आलेय."

तेच! मी रात्री ते ऐकलं आणि एकदम घरातलं वाटलं. अमेरिकन लेखकानं तो विनोद म्हणून लिहिला, आणि इथं बोळाबोळांत आपण त्याच नावानं संसार केले. बापाचं काम करणारा बिल बिक्सबी, तोच पुढं 'इन्क्रेडिबल हल्क'मध्ये डॉक्टर झालेला. लहान एडी म्हणजे ब्रँडन क्रूझ, गोड पोरगा. मालिका १९७२ पर्यंत चालली, त्र्याहत्तर भाग. हिला गोल्डन ग्लोबचं नामांकनही मिळालं त्यासाठी. मी बघताना तिच्याकडं नीट लक्ष दिलं. वाक्यं किरकोळ असतात, पण वाक्य संपल्यावर ती क्षणभर थांबते आणि त्या थांबण्यात मालकाची सगळी किंमत करून टाकते. हे कुणी लिहून दिलेलं नसणार.

"आणि मग?"

"मग काही नाही. मालिका संपली आणि तिनं काम सोडलं. वय त्रेचाळीस धरा. परत कधी पडद्यावर आली नाही."

काकूंना आता खरा रंग चढला. संसाराकडं गाडी वळल्याशिवाय त्यांना गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटत नाही. तेही सांगितलं. पहिलं लग्न टीव्हीच्या एका दिग्दर्शकाशी, १९६७ ला मोडलं. एक मुलगा. दुसऱ्याच वर्षी रँडल हूड नावाच्या गृहस्थांशी दुसरं लग्न, तेही सिनेमाच्या धंद्यातलेच. ते १९७६ ला गेले.

"अरेरे. सत्तेचाळीसाव्या वर्षी रांडावपण. मग?"

"तिचा आणि नवऱ्याचा एक धंदा होता. सिनेमाच्या फिती कापायची-जोडायची यंत्रं स्टुडिओंना आणि कॉलेजांना भाड्यानं द्यायची."

"मंडपवाल्यासारखं?"

"अगदी तसं. खुर्च्यांऐवजी यंत्रं."

काकूंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांचे दीर मंडपवाले आहेत. "धंदा चांगला. कुणाच्या दारात जायला लागत नाही, लोक आपल्या दारात येतात."

मला वाटतं, या बाईवर लिहिणाऱ्या निम्म्या लोकांनी हे काकूंचं वाक्य ऐकायला हवं होतं. जो तो लिहितो, ती 'नाहीशी झाली', 'अंधारात गेली'. कसला अंधार? बाई त्याच सिनेमाच्या धंद्यात यंत्रांच्या पावत्या फाडत होती. फोटो काढणाऱ्यांना दिसली नाही म्हणून नाहीशी?

"ते राहू दे," काकू म्हणाल्या, "बाहुलीचं सांग. केव्हा टाकली?"

सत्तरच्या दशकात कधीतरी. हे कळलं तेही तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, २०१८ मध्ये. मुलानं एका मुलाखतीत सांगितलं की आईनं ऑस्करवरचं स्वतःचं नाव खरवडून काढलं आणि मग ते फेकून दिलं. कारण त्याला तिनं सांगितलं ते एवढंच, की मी कोण आहे आणि मी काय केलंय ते मला माहीत आहे.

"रागानं टाकलं असणार. काम दिलं नाही मेल्यांनी. मीपण टाकलं असतं."

"तसंच सगळे म्हणतात. पण मुलानं आणखीही सांगितलंय. तसलं मोडकं इंग्रजी बोलायला तिला आवडत नव्हतं, हे ती बोलून दाखवायची. पण पैसे घेतलेत तर काम करायचं आणि चांगलं करायचं, असंही म्हणायची."

"आणि विकलं का नाही? सोनं असेल की."

"वरून मुलामा. आत कथलाचा मिश्रधातू."

"बेन्टेक्स?" काकूंना धक्काच बसला. "एवढा डांगोरा आणि बेन्टेक्स?"

"साडेतेरा इंच उंच, पावणेचार किलोच्या वर वजन. आणि विकायची सोय नाही. १९५० नंतरचं कुठलंही ऑस्कर विकायचं म्हटलं तर आधी ते देणाऱ्या अकादमीलाच एका डॉलरला द्यावं लागतं, असं लिहून घेतात."

"एक डॉलर! म्हणजे भंगारवाल्यानंसुद्धा जास्त दिले असते." काकूंचा हिशेब चोख असतो. त्या मिनिटभर शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण नाव का खरवडलं असेल? टाकायचंच होतं तर अशीच टाकायची."

हा प्रश्न मी रात्री दोनपर्यंत स्वतःला विचारत बसले होते. आपल्याकडं भांडं घेतलं की दुकानातच नाव घालून घेतो. लग्नाची ताटं असोत नाहीतर बारशाच्या वाट्या, कुणी दिली, कधी दिली, सगळं मशिनीनं टिंबाटिंबांत कोरलेलं. भांडं हरवू नये म्हणून नाव. आणि ही बाई भांडं टाकण्याआधी नाव काढून घेते. भंगारात गेलेल्या बाहुलीवर आपलं नाव पडून राहू नये, एवढंच असेल. किंवा नसेलही. तिनं सांगितलं नाही आणि आपण कोण विचारणार?

"आपण शेजारी," काकू म्हणाल्या.

मग मी त्यांना ठेवणीतली गोष्ट सांगितली. ही जन्मली त्याच्या बरोबर दहा दिवस आधी, २८ एप्रिल १९२९ ला, आपल्या याच कोल्हापुरात एक मुलगी जन्मली होती.

"भानू! राजोपाध्यांची!" काकू जवळजवळ ओरडल्या. भानू अथय्या म्हणजे या गावाचा मान. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ ला ऑस्कर घेणारी पहिली भारतीय व्यक्ती, बाई किंवा बाप्या. "तिनंपण टाकलं काय?"

"नाही हो. तिनं २०१२ मध्ये ते अकादमीला परत दिलं, सांभाळायला. आपल्या मागं ते नीट राहील याचा भरवसा तिला वाटेना. रवींद्रनाथांचं नोबेल पदक शांतिनिकेतनातून चोरीला गेलं होतंच की, २००४ ला."

दहा दिवसांच्या फरकानं जन्मलेल्या दोघी. एक होक्काइदोच्या बर्फातली, एक पंचगंगेकाठची. दोघींनी बाहुली मिळवली आणि दोघींनीही ती घरात ठेवली नाही. काकूंना हे फार वेळ पटेना. त्यांच्या शोकेसमध्ये पम्याची तिसरीतली लिंबू-चमच्याची ढाल अजून आहे.

"कोण शहाणी मग दोघींत?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुम्ही सांगा."

"भानू शहाणी. वस्तू जपणाऱ्याच्या हातात दिली." मग थोडं थांबून, "आणि तुझी ती मियो... काय ते... मोकळी."

शेवटी मियोशी मुलाजवळ राहायला मिसुरी राज्यातल्या लिकिंग नावाच्या छोट्या गावात गेली. कॅन्सर झाला होता. २८ ऑगस्ट २००७ ला गेली, वय अठ्ठ्याहत्तर. बातमी बाहेर यायलाही काही दिवस लागले. अभिनयाचं ऑस्कर मिळालेली दुसरी आशियाई बाई निघायला त्रेसष्ट वर्षं गेली. २०२१ ला कोरियाच्या युन यो-जंग यांना मिळालं, तेही आजीच्या कामासाठी.

"त्रेसष्ट वर्षं!" काकू म्हणाल्या. "तेवढ्यात आमच्या घरात दोनदा स्लॅब पडला."

ऊन भिंतीवर आलं. काकूंनी परात उचलली, साली झटकल्या आणि रिकामी वाटी माझ्यासमोर सरकवली. मी घरात जाऊन विरजण घातलं आणि वाटी परत भिंतीवर ठेवली. काकूंनी ती उलटीसुलटी करून तळ बघितला. वाटी आमचीच होती. माझ्या सासूबाईंचं नाव, सन १९७१. दोन वर्षांपासून ती काकूंच्या घरी आहे, हे दोघींनाही ठाऊक आहे.

"रात्री ती मालिका लावशील तेव्हा हाक मार," पदरानं वाटी झाकत काकू म्हणाल्या. "इंग्रजी मला कळत नाही. पण ती थांबून बघते म्हणालीस ना, ते कळंल."